हिरागाना-काताकाना वाचायला शिकताना: मराठी माणसाचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी शिकायला येणारे नवे लोक पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. वाचताना हिरागाना आणि काताकानाचा तक्ता शेजारी ठेवा. बाजारात छापील मिळतो, फोनवर शोधलात तरी लगेच सापडतो. खाली जपानी उच्चार देवनागरीत दिले आहेत. जिथे स्वर लांबवायचा आहे तिथे ऽ हे चिन्ह टाकलं आहे.

जपानीला नक्की लिप्या किती? कुणी दोन सांगतं, कुणी तीन.

रोजच्या लिखाणात तीन चालतात आणि त्या एकाच वाक्यात शेजारी-शेजारी येतात. हिरागाना ही गोलसर, वळणदार लिपी. क्रियापदांची शेपटं, प्रत्यय, घरगुती शब्द तिच्यात लिहितात. काताकाना ही टोकदार, सरळ रेघांची लिपी. बाहेरून आलेले शब्द आणि परक्यांची नावं तिच्यात. कांजी म्हणजे चीनमधून आलेली चित्राक्षरं. ‘कोऽहीऽ ओ नोमिमास’ म्हणजे ‘कॉफी पितो’. यातला ‘कोऽहीऽ’ काताकानात, मधला ‘ओ’ हिरागानात, ‘नोमिमास’मधला ‘नो’ कांजीत आणि पुढचं ‘मिमास’ पुन्हा हिरागानात लिहितात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे भीतीदायक वाटतं. पण हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्या एकच ध्वनी दाखवतात. प्रत्येकीत मूळ अक्षरं ४६. एक शिकलात की दुसरीचे फक्त आकार नवे असतात.

आधी कोणती शिकू?

हिरागाना. जपानी मुलंही तिथूनच सुरुवात करतात. शिवाय कांजीच्या डोक्यावर तिचा उच्चार सांगायला जी बारीक अक्षरं छापतात, ज्याला फुरिगाना म्हणतात, तीही बहुतेक हिरागानातच असतात. म्हणजे हिरागाना आली की लहान मुलांच्या कॉमिक्समधलं जवळपास प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचता येतं, अर्थ कळो न कळो.

मला देवनागरी येते, याचा काही उपयोग आहे का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते यावरच. उपयोग आहे, आणि तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

जपानी तक्ता वाचून पाहा. पहिली ओळ: आ, इ, उ, ए, ओ. आपली स्वरांची ओळ घ्या: अ आ इ ई उ ऊ ए ऐ ओ औ. त्यातले आ, ई, ऊ, ऐ, औ काढून टाका. उरतं ते अ, इ, उ, ए, ओ. तोच क्रम. ‘ए’च्या आधी ‘उ’ का, हे जपानी तक्ता सांगत नाही, आपली वर्णमाला सांगते.

आता ओळींचा क्रम पाहा: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्याकडे क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग आणि मग य र ल व. जपानीत ट-वर्ग नाही, ल नाही. ‘सा’ची ओळ ‘च’च्या जागी बसली आहे, कारण जुन्या जपानीत तिचा उच्चार ‘च’च्या जवळचा होता असं अभ्यासक मानतात. ‘ता’नंतर ‘ना’ येतो, कारण न हा त-वर्गाचा अनुनासिक. ‘हा’ची ओळ ‘प’च्या जागी आहे, कारण तो ‘ह’ एके काळी ‘प’ होता. त्याच्या मागोमाग ‘मा’, म्हणजे प-वर्गाचा अनुनासिक. मग य, र, व. कंठापासून ओठांपर्यंत येण्याची ही मांडणी आपल्याला दुसरीतल्या बाईंनी शिकवलेली आहे.

हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षूंनी मंत्र शुद्ध म्हणता यावेत म्हणून संस्कृत ध्वनींचा अभ्यास जपानात नेला. सोबत सिद्धम् लिपी गेली. देवनागरीसारखीच तीही ब्राह्मीच्या वंशातली. कूकाई हा भिक्षू ८०४ साली चीनला गेला, तिथे प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकला आणि ८०६ साली जपानला परतला. जपानी देवळांच्या दफनभूमीत थडग्यामागे उंच लाकडी फळ्या उभ्या दिसतात. त्यांना सोतोबा म्हणतात, म्हणजे आपला ‘स्तूप’. त्यांच्यावर आजही सिद्धम् अक्षरं लिहिलेली असतात. भिक्षूंनी आपल्या भाषेचे ध्वनी याच वर्णमालेच्या चौकटीत मांडले आणि त्यातून आजचा तक्ता आला. जपानी शब्दकोश याच क्रमाने लावलेले असतात आणि शाळेतली हजेरीही.

म्हणून माझं सांगणं: तक्ता पाठ करायला बसू नका. क्रम तुम्हाला येतोच. आकार तेवढे शिकायचे आहेत.

म्हणजे ही बाराखडीच समजायची?

नाही. इथे मात्र सावध राहा. क्रम आपल्यासारखा आहे, रचना नाही. आपण ‘क’ला वेलांटी देतो आणि ‘कि’ होतो. जपानीत ‘का’ आणि ‘कि’ ही दोन स्वतंत्र चित्रं आहेत, त्यांच्यात काहीही समान नाही. मात्रा, वेलांटी, उकार काही नाही. त्यामुळे ४६ आकार एकेक करून डोळ्यांत बसवावेच लागतात.

बहुतेक पुस्तकं आणि अ‍ॅप रोमाजीतून, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून शिकवतात. तसं शिकू का?

मी तसाच शिकलो. ज्या वर्गाला जात होतो तिथे पहिले तीन महिने फळ्यावर रोमाजीच असायची. तीन महिन्यांनी शब्द बरेच येत होते, पण जपानी अक्षरं समोर आली की डोळा आपोआप खालची इंग्रजी ओळ शोधायचा. ती सवय मोडायला पुढे वर्ष गेलं. माझ्या विद्यार्थ्यांचं ते वर्ष वाया जाऊ नये, ही माझी मनापासूनची तळमळ आहे.

इंग्रजी अक्षरांचे उच्चार आपल्या डोक्यात आधीच गोंधळलेले असतात. ‘साके’ या दारूच्या नावाची रोमाजी पाहून लोक ‘सेक’ वाचतात, ‘काराओके’चं ‘कॅरिओकी’ होतं. देवनागरीत ही अडचणच येत नाही. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस अक्षराखाली देवनागरीत उच्चार लिहा. नंतर तोही आधार काढून टाका. रोमाजी कॉम्प्युटरवर टाइप करताना लागेल, तेव्हा ती एका तासात येते.

देवनागरीत लिहिलेले उच्चार तंतोतंत बरोबर असतात का?

जवळपास. चार-पाच जागा लक्षात ठेवा. जपानी ‘का’ हा आपल्या ‘क’ आणि ‘का’ यांच्या मधला आहे: तोंड ‘का’ इतकं उघडायचं, पण वेळ ‘क’ इतकाच द्यायचा. म्हणून वहीत ‘साकुरा’ असंच लिहा. ‘सकुर’ लिहिलंत तर मराठी सवयीने शेवटचा अ गिळला जाईल. ‘ता’ म्हणताना जीभ दातांना लावायची, टाळूला नाही. म्हणून ‘टोयोटा’ नव्हे, ‘तोयोता’. ख, घ, छ, झ असे महाप्राण जपानीत नाहीत. ‘फु’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावायचे नाहीत. गरम चहावर फुंकर घालताना ओठ जसे होतात तसे ठेवायचे. आणि ‘इ’, ‘उ’ हे स्वर क, स, त अशा दोन अक्षरांच्या मध्ये किंवा त्यांच्यानंतर शब्दाच्या शेवटी आले की बहुधा जवळजवळ ऐकूच येत नाहीत. लिहिलेलं असतं ‘देसु’, ऐकू येतं ‘देस’.

सा-ओळीत मध्येच ‘शि’ आणि ता-ओळीत ‘चि’, ‘त्सु’ कुठून आले? हे अपवाद पाठ करायचे का?

मराठी जिभेला हे अपवाद वाटायलाच नकोत. सा-ओळ: सा, शि, सु, से, सो. आपण म्हैस म्हणतो आणि अनेकवचन करताना ‘म्हशी’ म्हणतो. हिंदीतलं ‘सीना’ आपल्याकडे ‘शिवणं’ होतं, ‘सींचना’ आपल्याकडे ‘शिंपणं’. ‘इ’ आली की ‘स’चा ‘श’ होतो, ही मराठीची जुनी खोड आहे. जपानीची खोडही तीच.

ता-ओळ: ता, चि, त्सु, ते, तो. मराठीत ‘च’ दोन आहेत हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. ‘चिंच’ म्हणताना सुरुवातीचा एक, ‘चूल’ म्हणताना दुसरा. जपानी ‘चि’ हा चिंचेतला. जपानी ‘त्सु’ हा सरळ चुलीतला ‘चु’. ‘त्सुनामी’ लिहिताना आपण त आणि स जोडतो, पण मराठी माणसाने ‘चु’ला चुलीतला उच्चार देऊन ‘चुनामी’ म्हटलं तरी ते जपानी कानाला बरोबर लागेल. हिंदी किंवा इंग्रजी भाषक या एका अक्षरावर आठवडे घालवतात. तसंच ‘जि’ हा जिवातला आणि ‘झु’ लिहितात तो ‘जुना’तला ‘जु’.

अक्षराच्या उजव्या खांद्यावर दोन बारीक रेघा दिसतात, कधी छोटा गोल. ते काय?

दोन रेघांना बोलताना ‘तेन-तेन’ म्हणतात, गोलाला ‘मारु’. तेन-तेनमुळे अघोषाचा घोष होतो: का-चा गा, सा-चा झा, ता-चा दा. आपल्या वर्गातलं पहिलं अक्षर सोडून तिसरं घ्यायचं, एवढंच. विद्यार्थी अडतात ते हा-ओळीशी. ‘हा’ला तेन-तेन दिलं की ‘बा’ होतो, गोल दिला की ‘पा’. ह आणि ब यांचा काय संबंध? वर सांगितलंच आहे, ही ओळ मुळात ‘प’ची. प-चा ब होणं अगदी सरळ आहे. जपानी ‘प’ बोलता बोलता ‘ह’ झाला, लिपीने जुनी जागा सोडली नाही. हे कळलं की या चिन्हांचं वेगळं पाठांतर लागत नाही.

शेवटचं एकटं अक्षर ‘न्’ कधी ‘म’ का ऐकू येतं?

कारण तो आपला अनुस्वार आहे. ‘अंक’, ‘अंत’, ‘अंबा’ यांत टिंब एकच आणि उच्चार तीन, पुढच्या अक्षराप्रमाणे. जपानी ‘न्’ अगदी तसाच चालतो. ‘गेंकि’मध्ये ङ, ‘शिंबुन’मध्ये म. ‘शिंबुन’ म्हणजे वर्तमानपत्र. वहीत उच्चार लिहिताना बिनधास्त टिंब द्या.

फरक एकच: जपानीत या ‘न्’ला स्वतःची एक मात्रा असते, टाळी वाजवून मोजलं तर एक पूर्ण टाळी. ‘किन्-एन’ म्हणजे धूम्रपानास मनाई. ‘किनेन’ म्हणजे स्मरणार्थ. ‘न्’ला त्याची टाळी दिली नाही तर एकाचं दुसरं होतं.

छोट्या आकारात छापलेली अक्षरं म्हणजे छपाईची चूक आहे का?

चूक नाही, ती आपली जोडाक्षरं आहेत. दोन प्रकार.

‘कि’पुढे छोटा ‘या’ आला की ‘क्या’. तोच ‘या’ पूर्ण आकाराचा असेल तर ‘किया’. म्हणजे छोटं अक्षर आधीच्या अक्षराचा पाय मोडतं. पुण्यातून ओसाकाला गेलेल्या एका विद्यार्थ्याने मला फोटो पाठवला होता. दात दुखत होता, म्हणून तो फलक वाचून आत शिरला आणि समोर आरसे, कात्र्या, केस वाळवायची यंत्रं. दवाखाना म्हणजे ‘ब्योऽइन’. त्याने वाचलेला फलक होता ‘बियोऽइन’, म्हणजे केशकर्तनालय. लिखाणात फरक एका ‘यो’च्या आकाराचा. त्या दिवसापासून मी हे दोन शब्द पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहितो.

दुसरा प्रकार छोट्या ‘त्सु’चा. तो स्वतः उच्चारत नाहीत, पुढचं व्यंजन दुप्पट करतात. आपलं ‘पता’ आणि ‘पत्ता’. ‘ओतो’ म्हणजे आवाज, ‘ओत्तो’ म्हणजे नवरा. ‘किते’ म्हणजे ये, ‘कित्ते’ म्हणजे टपालाचं तिकीट.

ऱ्हस्व-दीर्घ इतकं महत्त्वाचं आहे का?

हो, आणि मराठी माणसाची खरी परीक्षा इथे आहे. आपण ‘दिन’ आणि ‘दीन’ लिहिताना वेगळं करतो, पण बोलताना फारसं पाळत नाही. जपानीत पाळावंच लागतं. ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशी, ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. चाळिशीतल्या बाईंना आजी म्हटलेलं कुणालाच आवडत नाही.

हिरागानात दीर्घ ‘ओ’ दाखवायला बहुतेक वेळा पुढे ‘उ’ लिहितात. आपण ज्याला टोकियो म्हणतो ते शहर हिरागानात पाच अक्षरांचं आहे: तो, उ, कि, छोटा यो, उ. वाचायचं ‘तोऽक्योऽ’. ‘उ’ वेगळा म्हणायचा नाही. काताकानात हे सोपं आहे, नुसती एक आडवी रेघ ओढतात. ‘बिरु’ म्हणजे इमारत, रेघ आली की ‘बीऽरु’ म्हणजे बिअर.

काही अक्षरं अगदी सारखी दिसतात. वेगळी कशी ओळखू?

लहानपणी आपण घ आणि ध, भ आणि म यांत अडखळलोच होतो. इथेही तसंच होतं आणि तसंच सुटतं. तक्ता समोर घ्या.

हिरागानात ‘नु’ आणि ‘मे’ जुळे आहेत: ‘नु’च्या शेवटी गाठ आहे, ‘मे’ मोकळा सुटतो. ‘रु’ आणि ‘रो’चंही तेच, गाठ असेल तर ‘रु’. ‘ने’, ‘रे’ आणि ‘वा’ या तिघांची डावी बाजू एकसारखी. नजर उजव्या खालच्या कोपऱ्यात ठेवा: ‘ने’ला गाठ, ‘रे’चा पाय बाहेर झटकलेला, ‘वा’चं पोट आत वळलेलं. ‘सा’ आणि ‘चि’ हे आरशातले एकमेक. ‘सा’चं पोट डावीकडे फुगलेलं, ‘चि’चं उजवीकडे.

काताकानात चार अक्षरं सगळ्यांना छळतात: शि, त्सु, सो, न्. नुसतं बघून ती कधीच लक्षात राहत नाहीत, हातानेच कळतात. ‘शि’ आणि ‘न्’ची लांब रेघ खालून वर जाते. ‘त्सु’ आणि ‘सो’ची वरून खाली येते. ‘शि’च्या छोट्या रेघा डाव्या कडेला एकाखाली एक लावलेल्या, ‘त्सु’च्या वरच्या कडेला शेजारी-शेजारी. प्रत्येक अक्षर वीस वेळा काढा, नंतर छापील अक्षरातही रेघेची दिशा दिसायला लागते.

आणखी एक गोष्ट: ‘सा’ आणि ‘कि’ छापताना खालची वळणं कधी जोडलेली असतात, हाताने लिहिताना तुटक. दोन्ही बरोबर.

फक्त वाचायचं असेल तर लिहायला शिकायची गरज आहे का?

माझ्या मते आहे, निदान पहिला महिना. जपानीत रेघांचा क्रम ठरलेला असतो: साधारण वरून खाली, डावीकडून उजवीकडे. प्रत्येक रेघ कुठे थांबते, कुठे झटका घेते, कुठे निमुळती होत जाते हेही ठरलेलं. क्रमाने लिहिणाऱ्याला दुसऱ्याचं हस्ताक्षर वाचता येतं, कारण घाईत रेघा जिथे चिकटतात ते त्याच्या हाताला माहीत असतं.

खास जपानी वही शोधत बसू नका. शाळेची गणिताची चौकटीची वही घ्या, चार चौकटींचं एक घर धरा आणि मधल्या आडव्या-उभ्या रेघांवर अक्षर तोला. अक्षर घराच्या मध्यावर बसलं पाहिजे. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकतात, म्हणून आपल्या हाताला सगळं वर चिकटवायची सवय असते. ती इथे मोडावी लागते.

ध्वनी तेच, तर काताकाना वेगळी कशाला?

दोन्हींचा जन्म कांजीतून झाला, पण वेगवेगळ्या हातांनी. भिक्षू चिनी ग्रंथ वाचताना ओळींच्या मध्ये उच्चाराच्या खुणा करायचे. जागा कमी, म्हणून कांजीचा एक तुकडाच लिहायचे. ती काताकाना. हिरागाना आली अख्खी कांजी झरझर, वळणदार लिहिण्यातून. ‘का’ची दोन्ही रूपं एकाच कांजीतून आली आहेत: हिरागानातला ‘का’ तिचं पूर्ण घाईतलं रूप, काताकानातला तिचा डावा तुकडा. दरबारी पुरुष चिनीत लिहीत, बायका हिरागानात. म्हणून तिला ओन्नादे, म्हणजे ‘बायकांचं वळण’, असंही म्हणत. त्या काळचं जपानी गद्यातलं सर्वोत्तम लेखन बायकांनी याच लिपीत केलं. पूर्वी एका ध्वनीला अनेक अक्षरं होती. १९०० साली शाळांसाठी एका ध्वनीला एक अक्षर ठरवलं गेलं.

आज काताकानात परके शब्द असतात, त्यामुळे ती आली की अर्थही फुकट मिळतात: तेरेबि, होतेरु, ताकुशीऽ. त्यात ‘पान’ हा शब्द भेटला तर थोडं थांबा. तो ब्रेड. पोर्तुगीजांचा शब्द, आणि त्याच पोर्तुगीज शब्दाचा आपल्याकडे ‘पाव’ झाला. गोव्यातूनच फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमाला पोहोचला होता. सोबत गोव्यात बाप्तिस्मा घेतलेला अंजिरो हा जपानी माणूस होता. झेवियरचं शव आज जुन्या गोव्यात आहे.

माझं नाव जपानीत कसं लिहू?

काताकानात, आणि कानाला ऐकू येतं तसं. एकट्या व्यंजनाला स्वर जोडावा लागतो. बहुतेक वेळा ‘उ’, ट-त-द असेल तर ‘ओ’. कुलकर्णी होतं कु-रु-का-रु-नि. प्रसाद होतो पु-रा-साऽ-दो. ण आणि ळ नाहीत, म्हणून पुण्याचं ‘पुने’ आणि टिळकांचं ‘तिराकु’. एक रूप निवडा आणि व्हिसापासून बँकेपर्यंत तेच ठेवा.

‘हा’ हे अक्षर कधी ‘वा’ वाचतात ते का?

प्रत्यय म्हणून आलं तरच. तसंच ‘हे’चा ‘ए’ आणि ‘वो’चा ‘ओ’. १९४६ साली लेखन उच्चाराप्रमाणे सुधारलं, पण हे तीन प्रत्यय जुन्या रूपात ठेवले. तीनच आहेत, पाठ करा.

शब्दांमध्ये मोकळी जागाच नसते. शब्द कुठे संपला हे कसं कळणार?

सुरुवातीच्या पुस्तकांत आणि लहान मुलांच्या गोष्टींत जागा सोडलेली असते. मोठ्यांच्या लिखाणात कांजीच ते काम करते: कांजी दिसली की बहुधा नवा शब्द सुरू झाला, मागची हिरागाना म्हणजे त्याचं शेपूट. उभं लिखाण उजवीकडच्या स्तंभापासून डावीकडे वाचतात आणि असं पुस्तक आपल्या शेवटच्या पानाकडून उघडतं. पूर्णविराम म्हणजे छोटं गोल टिंब.

दोन्ही लिप्या यायला किती दिवस?

रोज पाच अक्षरं आणि अर्धा तास दिलात तर हिरागाना दोन आठवड्यांत ओळखीची होते, पुढच्या दोन-तीन आठवड्यांत काताकाना. पण ओळख होणं वेगळं आणि वाचणं वेगळं. सुटी अक्षरं घोकू नका, तिसऱ्या दिवसापासून शब्द वाचा. काताकाना थोडी जास्त विसरते, कारण ती कमी भेटते. घरात जपानी पेन, कॅमेरा, नूडल्सचं पाकीट असेल तर त्यावरचं वाचत राहा.

कांजी कधी सुरू करू? हजारो असतात ना?

नेहमीच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या यादीत २०१० पासून २,१३६ आहेत. प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत मुलं १,०२६ शिकतात, त्यातल्या पहिलीत फक्त ८०. हिरागाना पक्की झाली की या ८० पासून सुरुवात करा. एक झाड, दोन झाडं शेजारी म्हणजे राई, तीन झाडं म्हणजे अरण्य.

एका कांजीचे दोन-दोन उच्चार ऐकून घाबरू नका. आपण तहान लागली की ‘पाणी’ म्हणतो, पण ‘पाणीविद्युत’ म्हणत नाही, ‘जलविद्युत’ म्हणतो. आता समजा ‘पाणी’ आणि ‘जल’ दोन्हींसाठी एकच चिन्ह असतं: एकटं आलं की ‘पाणी’ वाचायचं, जोडशब्दात ‘जल’. जपानीत त्या चिन्हाचं एकट्याने ‘मिझु’ होतं, जोडशब्दात ‘सुइ’. ‘सुइयोऽबि’ म्हणजे बुधवार. जपानीत बुध हा पाण्याचा ग्रह, मंगळ अग्नीचा, गुरू लाकडाचा. वारांचा क्रम आपलाच: रवि, सोम, मंगळ, बुध. वारांच्या सात कांजी पहिल्यांदा घ्या, रोज कॅलेंडरवर भेटतील.

फोनवर टाइप कसं करायचं?

कीबोर्डमध्ये जपानी जोडा आणि बारा बटणांचा प्रकार निवडा. बटणांवर आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा याच क्रमाने असतात. ‘का’ दाबून बोट डावीकडे सरकवलं की ‘कि’, वर ‘कु’, उजवीकडे ‘के’, खाली ‘को’. वर्णमाला पाठ असलेल्या माणसाला हे दोन दिवसांत जमतं.

परीक्षा द्यायची असेल तर?

जेएलपीटी ही जपानी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुण्यात केंद्र आहे. सगळ्यात सोपी पातळी एन५. तिथे उत्तरं पर्यायांतून निवडायची असतात, हाताने जपानी लिहावं लागत नाही. कांजीची अधिकृत यादी प्रसिद्ध होत नाही, शंभरेक धरून तयारी करतात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ इथे जपानीचे वर्ग बऱ्याच वर्षांपासून चालतात.

माझं वय साठीच्या पुढे आहे. जमेल का?

जमतं. माझ्या वर्गात एक काकू यायच्या. मुलगा-सून जपानात, नात तिथल्या बालवाडीत. नात मराठी बोलायची पण लिहायची जपानीत, म्हणून काकूंना हिरागाना शिकायची होती. अडीच महिन्यांनी एकदा त्या नातीचं कार्ड घेऊन आल्या. वर जाड पेन्सिलीने ‘ओबाऽचान’ लिहिलं होतं, म्हणजे ‘आजी’. काकूंनी एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. ‘ओ’, ‘बा’, ‘आ’. पुढच्या अक्षरावर थांबल्या आणि म्हणाल्या, “हिने ‘चि’ उलटा काढलाय, ‘सा’ झालाय त्याचा. मी पण पहिल्या आठवड्यात हेच करत होते.” मग वहीचं पान काढलं, चार चौकटींच्या घरात ‘चि’ नीट काढला, खाली नातीचं नाव काताकानात लिहिलं आणि पाकिटावरचा पत्ता तपासून द्यायला माझ्याकडे दिला.